विचारलं तर वरचं ठेवा

ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघर पोचवणाऱ्या त्या कचेरीत तळमजल्यावर गोदाम आणि ड्रायव्हर, वरच्या मजल्यावर एकट्या बाई. बाईंच्या खोलीत एक टेबल, एक टेलिफोन आणि कोपऱ्यात मेल सर्व्हर. म्हणून खालच्यांच्या तोंडी बाई म्हणजे ‘वरच्या बाई’ आणि सर्व्हर म्हणजे नुसतं ‘वर’. "वरून यादी आली का?" "मला काय माहीत, वर विचार." बाईंनी जिन्यातून हाक मारली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "आम्हाला वर जायची घाई नाही हो, बाई!" वीस वर्षं तोच विनोद आणि वीस वर्षं सगळे त्याला हसत होते, बाई सोडून. लोकांचा श्वास गाडीत घालून हिंडणाऱ्यांनी असली थट्टा करू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

बाईंचा जीव मुळात टांगणीला लागलेलाच असायचा. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या. नणंद म्हणायची, "वहिनी, चोराची गरज नाही, एक दिवस तुम्हीच कडी उपटणार." पण या काळजीखोरपणामुळेच यादीतलं एकही घर आजवर चुकलं नव्हतं, हेही खरं.

अशा बाईंच्या पुढ्यात साहेबांनी हातात मावणारे सहा संगणक आणून ठेवले. कागदी याद्या बंद. ही यंत्रं मेल सर्व्हरला जोडायची, म्हणजे दिवसाची यादी त्यांत आपोआप उतरेल आणि मध्येच काही बदललं तर तेही ड्रायव्हरला वाटेत कळेल. ड्रायव्हरांनी त्या यंत्राचं लगेच ‘पाटी’ असं बारसं केलं. चार दिवस बाई एकेका पाटीत पत्ता, नाव, पासवर्ड घालत होत्या. वरून मेल पाठवायची, ती पोचली का बघायला खाली धावायचं, पुन्हा वर यायचं. गुडघे बोलायला लागले.

एक भानगड होती. पाटीतली यादी आणि सर्व्हरवरची यादी जुळली नाही, की पाटी विचारायची, कुठली ठेवू? त्याखाली एकावर एक दोन बटणं, बारीक अक्षरांत. ड्रायव्हर गोंधळतील म्हणून बाईंनी जाड पेनाने चिठ्ठ्या लिहून प्रत्येक पाटीच्या पाठीला चिकटवल्या: ‘विचारलं तर वरचं ठेवा.’ वर म्हणजे सर्व्हर, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं.

सहावी पाटी जुन्या बनावटीची होती. ती दाजींच्या वाट्याला आली. दाजी म्हणजे इथले सगळ्यात जुने ड्रायव्हर आणि बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनीच बाईंना इथे चिकटवलं होतं. "जुन्या माणसाला जुनीच बरी," म्हणत त्यांनी ती खिशात टाकली.

पाट्यांच्या पहिल्याच दिवशी, सकाळी नऊला, एका आजींच्या सुनेचा फोन आला. आजींच्या सिलिंडरची पाळी खरं तर उद्याची. पण रात्री दम लागला म्हणून डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवायला सांगितला होता. "साडेअकरापर्यंत पुरेल, बाई. त्यापुढे नाही."

"दाजी गाडी घेऊन निघालेत, त्यांच्या यादीत घालते. निश्चिंत राहा," बाई म्हणाल्या. त्यांनी आजींचं नाव घातलं आणि तीनदा तपासलं.

पावणेअकराला सवयीने चौथ्यांदा बघायला गेल्या, तर आजींचं नावच नाही.

आधी वाटलं, आपणच घातलं नाही. मग आठवलं, घातलं होतं, अक्षर न अक्षर आठवत होतं. पण पडद्यावर सकाळची जुनी यादी होती आणि आजी तिथे कुठेच नव्हत्या. त्यांनी दाजींना फोन लावला. वाजून वाजून थांबला. चाकावर हात असताना फोन घ्यायचा नाही हा कचेरीचा नियम, आणि तो पाळणारे एकटे दाजीच! दुसरी गाडी तासाभराच्या अंतरावर.

तेवढ्यात सुनेचा फोन. "काटा लाल पट्टीजवळ आलाय. रुग्णवाहिकेला सांगितलंय, पण तासभर तरी लागेल म्हणाले. तुमची गाडी कुठवर आली?"

"येतेच आहे," बाई म्हणाल्या, आणि आपण खोटं बोललो याचीच त्यांना भीती वाटली.

मग त्यांनी दाजींच्या यादीतली घरं एकामागून एक फोनवर घेतली. पहिल्या घरी गाडी येऊन गेली होती. दुसऱ्या घरीही. तिसऱ्या घरचा माणूस म्हणाला, "आत्ताच दारात लागतेय."

"त्यांना फोनवर घ्या. आधी फोन, मग सिलिंडर!"

दाजी आले. "काय गं, आग लागली काय?"

"दाजी, पाटीने काही विचारलं होतं का?"

"विचारलं की, साडेनवाला. दोन बटणं आली. तुझी चिठ्ठी वाचली आणि वरचं दाबलं."

बाईंना एकदम उमगलं. नव्या पाट्यांवर सर्व्हरचं बटण वर होतं, या जुन्या पाटीवर ते खाली होतं. दाजींनी वरचंच ठेवलं होतं, अगदी शब्दाबरहुकूम. पाटीतली जुनी यादी सर्व्हरवर चढली आणि तिने आजींना पुसून टाकलं.

"दाजी, साडेअकराला आजींचा ऑक्सिजन संपतोय. गाडीत..."

"एक जास्तीचा आहे. यादीत बसत नाही म्हणून रोज भांडतेस ना, तोच." फोन आपटल्याचा आवाज आला.

अकरा वाजून आठ. वीस मिनिटांचा रस्ता, आणि आजी दुसऱ्या मजल्यावर. दाजींचे गुडघे बाईंच्या गुडघ्यांपेक्षाही वाईट होते. बाईंनी पेन उघडलं, बंद केलं. अकरा पंचवीस. अकरा तीस. सुनेला फोन करावा असं वाटत होतं आणि करायची छाती होत नव्हती. आपल्या हातच्या एका शब्दाने म्हातारीचा घास घेतला, तर उद्यापासून कुठलं कुलूप किती वेळा ओढून बघायचं?

अकरा अडतीसला फोन वाजला. पलीकडून दाजींचा नुसता धापांचा आवाज.

"दाजी, बोला ना!"

"लावला... सुरू झाला. सूनबाई चतुर, शेजारच्या बायकांना घेऊन अर्ध्या जिन्यात येऊन उभी होती. नाहीतर मीच गेलो असतो."

"आजींना फोन द्या."

"अगं, मास्क आहे तोंडावर."

"दाजी, द्या."

खरखर झाली. मग एक बारीक, थकलेला आवाज आला. "कोण बोलतंय?"

बाईंना आपलं नाव सुचेना. खाली फोन करताना वीस वर्षं तोंडून जे निघायचं तेच निघालं. "मी... मी वरून बोलतेय."



"एवढ्यात?" आजी म्हणाल्या. "आत्ताच तर यांनी नवीन सिलिंडर लावलाय हो."

त्या विनोदाला बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या.