सिस्टरबाईंचं बोलकं कुलूप

समस्त ग्रामस्थांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आदिलाबाद जिल्ह्यातील सर्वांत उष्ण ठिकाण म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई. मी तिथे कारकून होतो, तेव्हा ही नोंद अधिकृत समजावी.

चिडल्या की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. टेबलावर चष्मा दिसला की शिपाई पोचन्ना सायकल काढून थेट शेजारच्या बेला गावाला निघून जायचा. काम नसताना.

रागाचं कारण एकच, लशींचा फ्रिज. मे महिन्यात महाराष्ट्राच्या सीमेवरच्या त्या गावात माठातलं पाणीही चहासारखं लागायचं आणि अख्ख्या दवाखान्यात थंड जागा ही एवढीच. आत डॉक्टरांची पाण्याची बाटली, कंपाउंडरचे आंबे, माझं ताक. कुलूप होतं, पण त्याची चावी प्रत्येकाच्या खिशात. बाई कुलपावर सही केलेली कागदाची पट्टी चिकटवायच्या. आम्ही ती ओली करून सोडवायचो आणि भाताच्या शिताने परत जागच्या जागी! डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, थोडा ठंडा पानीच तो है." बाईंनी वर तक्रार केली. वरून उत्तर आलं, "फ्रिजला कुलूप लावावे."

मग एका मजुराच्या मुलीला, बाईंनी स्वतः लस टोचलेली असूनही, गोवर निघाला. पोर वाचली, पण एक डोळा गेला. सारखं दार उघडून आम्ही लस नासवली होती. बाई त्या दिवशी ओरडल्या नाहीत. पोरीचं लसीचं कार्ड त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवलं आणि मला म्हणाल्या, "बाबू, हे पाहा तुमचं ताक."

आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्याच दिवशी त्या आदिलाबादहून रेडिओ मेकॅनिक घेऊन आल्या. दाराला लोहचुंबक, चौकटीवर काचेच्या नळीतला बारीक स्विच, टॉर्चचे सेल आणि व्हरांड्यात घंटी. कुलूप कुठल्याही चावीने उघडा, दार हललं की घंटी बोंबलणार. ती बंद करायचं बटण कुठे, ते फक्त बाईंना माहीत. डॉक्टरांनी विचारलं, "इतना गुस्सा काहेको?" बाई माझ्याकडे वळल्या. "कुलूप मुकं असते, बाबू. कोनीबी उघडो, ते सांगत नाई. मी त्याले तोंड देऊन राह्यली."

पहिल्या आठवड्यात घंटी अकरा वेळा वाजली. नंतर वर्षानुवर्षं नाही. त्या गावात पुन्हा टोचलेल्या पोराला गोवर निघाल्याचं मी ऐकलं नाही.

शेवटी त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. सकाळी नव्या सिस्टरला साठा दाखवताना बाईंनी घंटी बंद केली होती. त्या दोघी रजिस्टरकडे वळल्या, तेवढ्यात मी सरबताच्या बाटल्या फ्रिजमध्ये सरकवल्या. वाईट हेतू नव्हता हो, त्यांच्याच निरोपासाठी! दुपारी डॉक्टर भाषणात बाईंच्या पहाऱ्याचं कौतुक करू लागले, तसा मी जुनी चावी घेऊन बाटल्या काढायला गेलो. हार घालून घेण्याआधी बाईंनी सवयीने घंटी पुन्हा चालू केली होती, हे मला काय ठाऊक?

घंटी कडाडली. बाई हारासकट धावत आल्या, चष्मा काढायलाही थांबल्या नाहीत. दोन्ही हातांत बाटल्या धरून मी उभा, मागे अख्खा दवाखाना, हातात भाषणाचा कागद घेतलेले डॉक्टरसुद्धा. बाईंनी आधी फ्रिजचं दार लावलं. मग त्या पिवळ्या पडलेल्या कार्डावर बोट ठेवून कडाडल्या,

"उद्या टोचायचा वार हाय, बाबू! लेकरायले काय शरबत टोचान?"