पाणघोड्याच्या वाटेवरचं गोलपोस्ट

नासिमियू भित्री होती. झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, नैवाशा तळ्याकाठी तिला ओळखणारं कुणीही हेच सांगेल आणि वर हसेल. वीज कडाडली की ही खाटेखाली. माणसांनी कोंबलेली मटाटू गाडी रस्त्यावरून जरा जोरात आली की ही गटारात. ती कामाला होती त्या मुगेराशेठच्या कॅम्पवर एक बदक होतं, ते मान लांब करून अंगावर यायचं. त्या एवढ्याशा बदकासाठी ही बाई अख्ख्या आवाराला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. गेटवरचा वॉचमन ओमोलो रोज सकाळी तिला विचारायचा, "काय गं, रात्री स्वतःच्या सावलीनं तर नाही ना धरलं?"

"धरू दे की मेलीला," नासिमियू झाडू उचलत म्हणायची, "तिला तरी माझी पर्वा आहे."

पण पाणघोड्याची भीती वेगळी होती. तिच्याबद्दल बोलताना नासिमियू हसायची नाही, आणि ओमोलोही नाही.

ती मूळची बुंगोमाकडची. तिकडे मका, ऊस आणि डोंगर. तळं म्हणून जे काही असतं ते तिनं पाहिलं लग्नानंतर, नवऱ्याबरोबर गुलाबाच्या शेडमध्ये कामाला आली तेव्हा. शेजारी ओडेरो नावाचा एक माणूस राहायचा. कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळं टाकायचा आणि संध्याकाळी जाता जाता हिच्या दारात एखादा मासा ठेवून जायचा. एका सकाळी तो पाण्यात उतरला, पाणघोड्यानं त्याला गाठलं आणि दुपारी लोकांनी त्याला ब्लँकेटमध्ये घालून आणलं. नासिमियूनं ब्लँकेट उचलून पाहिलं. कुणी सांगितलं होतं पाहायला? पण पाहिलं. तेव्हापासून ती पाण्याकडे पाठ करून कधी उभी राहिली नाही. धुणं धुतानासुद्धा तिची मान अर्धी वळलेली असायची.

पुढे नवरा छातीच्या दुखण्यात गेला, मुलगी नेकेसा लग्न होऊन किटालेला गेली, आणि शेडमध्ये दिवसभर उभं राहून नासिमियूचे गुडघे बोलायला लागले. मग तिला हे कॅम्पवरचं काम मिळालं. आणि काम कुठं, तर थेट तळ्याला खेटून! नशीब कधी कधी असं दात काढून हसतं.

कॅम्प चांगला होता, खोटं कशाला बोलू. पिवळ्या खोडाच्या उंच बाभळी, त्यांच्याखाली हिरवळ, आणि हिरवळ उतरत उतरत पपायरसच्या दाट लव्हाळ्याला जाऊन भिडायची. लव्हाळ्याच्या पलीकडे पाणी. नैरोबीची माणसं सकाळी चहा पिऊन निघायची आणि दुपारच्या आत इथं त्यांचं मटण निखाऱ्यावर चढलेलं असायचं. पोरं दिवसभर उंडारायची, संध्याकाळी तंबूत शिरायची. नासिमियू तंबू ठोकायची, कोळसा आणून द्यायची, संडास धुवायची, आणि दिवस कलला की लव्हाळ्याच्या कडेनं ताणलेल्या विजेच्या तारेचं बटण दाबायची. दिवसा पाणघोडे पाण्यात, अंधार पडला की चरायला गवतावर, असा सगळा हिशेब धरलेला. म्हणून दिवसा तार बंद.

तिनं एकदा मुगेराशेठला विचारलं होतं, "शेठ, दिवसाही चालू ठेवू या का?"

"म्हणजे पाहुण्यांची पोरं चिकटू देत तारेला?" मुगेराशेठ म्हणाला. "आणि हे बघ बाई, पाहुण्यांसमोर तो शब्द काढायचा नाही. लोक दोन घटका मजा करायला येतात. तू आल्या आल्या किबोको, किबोको करून त्यांच्या घशाखाली घास उतरू देत नाहीस. बोर्ड लावलाय ना मी गेटवर? ज्याला वाचायचंय तो वाचेल. पुन्हा ऐकलं तर घरी बसायचं."

किबोको म्हणजे पाणघोडा. तिनं तोंडाला कुलूप घातलं. घरी बसून खाणार काय?

जुलैचा शनिवार होता. जुलैत या बाजूला आभाळ उतरतं, दिवसभर ऊन कसं ते दिसत नाही, आणि अंगावर शाल घेऊन माणसं कामाला लागतात. नासिमियूला असे दिवस अजिबात आवडायचे नाहीत. ऊन नसलं की पाणघोड्याला पाण्यात बसायची घाई नसते. सकाळपासून ती सारखी लव्हाळ्याकडे बघत होती. त्यात नैरोबीहून एक कुटुंब आलं. काव्हिन्या नावाची हसरी बाई, तिचा नवरा मुसेम्बी, दीर, जावा, आणि पोरांचं लेंढार. काव्हिन्याची धाकटी मुथेऊ, पुढचे दोन दात पडलेले, गाडीतून उतरली ती बॉल घेऊनच. पहिलाच बॉल नासिमियूच्या कानाजवळून गेला तशी ती मटकन खाली बसली.

"आंटी, तुम्ही बॉललापण घाबरता?" मुथेऊनं विचारलं. चिडवणं नव्हतं त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बॉलला आधी घाबरते, मग बाकीच्यांना," नासिमियू म्हणाली, आणि पोरगी खिदळत पळाली.

नासिमियू कोळशाचं पोतं घेऊन परत आली तोवर पोरांनी गोलपोस्ट शोधलं होतं. हिरवळीच्या तळाशी, लव्हाळ्याच्या भिंतीत एक फट होती. दोन्ही बाजूंना जाड देठांचे खुंट, मध्ये पाय घट्ट बसेल अशी दाबलेली जमीन. आयतं गोलपोस्ट! पोरांना काय कळणार, ती जमीन कुणाच्या पायांनी दाबलीय. ती पाणघोड्याची वाट होती. रोज रात्री तो त्याच वाटेनं वर यायला बघायचा आणि तारेपाशी अडायचा. आणि त्या वाटेच्या तोंडाशी, बंद तारेच्या पुढ्यात, मुथेऊ गोलकीपर होऊन हात पसरून उभी होती.

नासिमियूच्या हातातलं पोतं घसरलं. ती काव्हिन्याकडे गेली.

"ताई, पोरांना जरा वर खेळू द्या की."

"का हो?"

शेगडीपाशी मुगेराशेठ उभा होता, मुसेम्बीशी हसत बोलत होता आणि एक डोळा हिच्यावर ठेवून होता. शब्द नासिमियूच्या जिभेवर आला आणि तिनं तो गिळला.

"तिथं... चिखल आहे."

"असू दे हो," काव्हिन्या म्हणाली. "नैरोबीत कुठं मिळतो त्यांना चिखल? मळू दे जरा."

नासिमियू मागं वळली आणि तेवढ्यात खालून आरोळी आली, "किबोको! किबोको!"

तिचं काळीज लक्कन हललं. पण खाली कुणी पळत नव्हतं. मुथेऊनं उडी मारून बॉल अडवला होता आणि भावंडं तिला उचलून नाचत होती. नैरोबीच्या पोरांच्या तोंडी किबोको म्हणजे बहाद्दर, एक नंबर, ज्याच्यापुढं कुणाचं चालत नाही असा. वरून आई, काका, काकू सगळे टाळ्या पिटत होते, "किबोको! आमची मुथेऊ किबोको!"

"शहरात अक्कल विकून खाल्ली काय रे यांनी," नासिमियू पुटपुटली. "इथं, या काठावर, हा शब्द!" तिनं ठरवलं, काही झालं तरी पोरीला वर आणायचं. चिप्स तळल्यात म्हणून सांगू, गाडीत मांजर शिरलंय म्हणून सांगू, काहीही. ती उतार उतरायला लागली. पाण्याच्या बाजूला जाताना तिची पावलं नेहमीच लहान पडायची.

मुथेऊनं बॉल हातातून उंच लाथाडला. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून वर, शेगडीच्या दिशेनं गेला आणि बाकीची पोरं ओरडत त्याच्यामागं धावली. गोलात ती एकटी उरली.

तेव्हा नासिमियूनं तो पाहिला.

डाव्या हाताला झुडपांची रांग होती, शेजारच्या पडीक जागेच्या हद्दीवर. तिकडे तार नव्हती. झुडपाआडून आधी थोबाड आलं, मग ती सगळी करडी-गुलाबी ओली भिंत. कधीचा वर येऊन चरत बसला होता कोण जाणे. आता पोरांच्या कलकलाटानं बिथरला होता आणि त्याला पाण्यात जायचं होतं. आपल्याच वाटेनं. आणि वाटेत मुथेऊ उभी होती, गुडघ्याचा चिखल पुसत. पाण्याला निघालेल्या पाणघोड्याच्या आडवं कुणी आलं तर तो थांबत नाही, हे या काठावरचं शेंबडं पोरही जाणतं. वर शेगडीपाशी कुणालाच तो दिसत नव्हता, झुडपं मध्ये होती.

नासिमियूच्या घशातून आवाज फुटला तो नुसता किंकाळीसारखा.

"किबोको! किबोको!"

वर हशा पिकला. "बघा, आता आंटीसुद्धा!" काव्हिन्या ओरडली, आणि सगळ्यांनी ताल धरला. टाळ्या, शिट्या, किबोको, किबोको, किबोको. खाली मुथेऊनं दोन्ही हात वर करून आंटीला कंबर हलवून दाखवली.

पाणघोड्यानं जबडा उघडला.

मग नासिमियूनं काय केलं? पळाली. पोरीकडे नाही हो. उलटी, वर, चढाच्या दिशेनं. कमरेला गुंडाळलेला लेसो गुडघ्याच्या वर खोचायचंही सुचलं नाही. डोळ्यांपुढं ओडेरोचं ब्लँकेट, कानांत स्वतःचं रक्त, आणि मागं धपधप पावलं. पावलं जवळ येत होती. आला, आला, आता धरणार. तिनं मागं वळून पाहिलं नाही. लहान पोराच्या बारीक पावलांचा आवाज आणि त्या धुडाचा आवाज यातला फरकही त्या वेळी तिला कळला नाही, इतकी भीती माणसाला बहिरं करते.

मागून लेसो ओढला गेला. "आई गं, मेले!" म्हणून ती तोंडावर आपटली आणि तिच्या पाठीवर काहीतरी येऊन पडलं.

"आंटी, बॉल माझा!" मुथेऊ धापा टाकत हसत होती. "तुम्ही पळालात तरी मीच आधी पोचणार!"

त्याच क्षणी खाली जमीन हादरली. ते धूड हिरवळीच्या तळातून धावत गेलं, तार ताटकन तुटली, दोन्ही खुंट आडवे झाले, आणि लव्हाळ्यापलीकडे पाणी फुटल्याचा आवाज आला. टाळ्या मधेच थांबल्या. शेगडीवर मटण करपत होतं, ते कुणी उलटवलं नाही.

मग एकदम गलका झाला. मुसेम्बीनं पोरीला छातीशी धरलं आणि तो तिला खाली ठेवायला तयार होईना. मुगेराशेठ राखेसारखा पांढरा पडला होता, पण लोकांनी नासिमियूचं नाव घेतलं तसा त्याच्या अंगात जीव आला. "आमची नासिमियू! अहो, जुनं माणूस आमचं!" ओमोलो गेट टाकून धावत आला. काव्हिन्याच्या दिरानं तर सगळ्यांना करून दाखवलं, आंटीनं कशी हुशारीनं पोरीला शर्यतीचं आमिष दाखवून वाटेवरून काढलं.

नासिमियू गवतावर बसली होती. हे कौतुक ऐकून तिची भीती कमी व्हायची ती वाढतच चालली. काव्हिन्या समोर येऊन बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि रडायला लागली.

"तुम्ही तिला बोलावून आणलंत. तुम्ही नसता तर..."

गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? नोकरी पक्की, ओमोलोची चेष्टा बंद, जन्मभराचा मान. पण तिला ते हात धरवेनात.

"ताई, मी नाही बोलावलं तिला," नासिमियू म्हणाली. "मी पळाले. तिला तिथंच टाकून पळाले. मागं पावलं वाजली तेव्हा मला वाटलं तोच आला. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

काव्हिन्याचं रडणं थांबलं. तिनं हात सोडले. आता ही मारणार, असं नासिमियूला वाटलं आणि तिनं मान खाली घातली. वर पाहिलं तर काव्हिन्या स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. ते लालभडक झाले होते.

"तुम्ही निदान पळालात," ती म्हणाली. "मी तिची आई. मी टाळ्या वाजवत होते."

आणि ते हात असे कापायला लागले की नासिमियूला ते धरून ठेवावे लागले.