बैलतळ्यावर ये

इक्बाल गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी बाजारात बांगडे बघत होतो. "काका, अब्बा गेले..." रिकामी पिशवी घेऊन तसाच मांडवीला त्याच्या घरी गेलो. त्याला महिना होऊन गेला, तरी ऊन कललं की पाय अजून चपलांकडे जातात. मग आठवतं, फिरायला जायचं ते कुणाबरोबर?

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. विशीत तो आखातात नोकरीला गेला, तो केस पिकल्यावरच कायमचा परतला. मी रत्नागिरी कधी सोडली नाही, पण गावातली जुनी नावं विसरलो मीच. त्यानं एकही सोडलं नव्हतं. तळं बुजवून त्यावर दुकानांची रांग उभी राहिली, तरी त्याच्या लेखी ते बैलतळंच. बंदरावरून माल घेऊन वर येणाऱ्या गाड्यांचे बैल तिथं पाणी प्यायचे. वल्ही घडवणारा सुतार जाऊन जमाना झाला, तरी चढ वल्ह्याचाच. मी एखाद्या बँकेचं नाव घेऊन पत्ता सांगितला की हा खवळायचा. "मेल्या, बँक काल आली, उद्या उठून जाईल. गावात राहून गाव विसरलास!"

"तुझ्याच बरं सगळं लक्षात कसं राहिलं?" मी एकदा चिडून विचारलं. तो म्हणाला, "तिकडं झोप यायची नाय रे. मग डोळे मिटून बंदरावरून चालायला लागायचो. खोबऱ्याची वखार, वल्ह्याचा चढ, बैलतळं... एकेक नाव घेत. घर यायच्या आत झोप लागायची." त्यानंतर मी त्याच्यापुढं बँकेचं नाव काढलं नाही. हळूहळू जुनी नावं माझ्याही तोंडी परत आली. आमचं बोलणं रिक्षावाल्यांना कळायचं नाही. आम्ही त्यांना हसायचो आणि घरचे आम्हाला.

गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी त्याचा फोन आला. "बैलतळ्यावर बसलोय. छातीत दुखतंय. ये." एवढंच बोलला आणि फोन बंद. दुसरं कुणी त्याला शोधत गावभर हिंडलं असतं. मी रिक्षा थेट त्या दुकानांपुढं नेली. एका पायरीवर घामाघूम होऊन बसला होता. दवाखान्यात वेळेत पोचलो, म्हणून पुढचे काही महिने मिळाले. बोलण्याइतका बरा झाल्यावर पहिलं काय म्हणाला? "बँकेसमोर म्हटलं असतं, तर कुठली बँक ते विचारत बसला असतास!"

परवा एकटाच चालत होतो. चढावर गरगरलं म्हणून एका दुकानाच्या पायरीवर टेकलो. आतल्या मुलीनं पाणी आणून दिलं, माझ्या मुलाला फोन लावून दिला. तो मिरजोळ्याला कारखान्यात असतो. घाबरून विचारायला लागला, "बाबा, नक्की कुठं आहात?"

"वल्ह्याच्या चढावर."

"कुठं?"

इतकं एकटं मला कबरस्तानात इक्बालला माती देतानाही वाटलं नव्हतं. मी मान वर केली, दुकानावरची पाटी सावकाश वाचली आणि मुलाला ती सांगितली.