सोळा बायांची पायरी

गिरिजाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकरी थापून, फडक्यात बांधून ती साडेपाचला कुंभार पिंपळगावच्या चौकात उभी असायची. पप्पूची पिकअप पावणेसहाला यायची. गाडी बियाण्याच्या प्लॉटवर मजूर न्यायची. गाडी पप्पूचीच आणि मुकादमही तोच.

काम कपाशीचं. नर फुलाची भुकटी मादी फुलाला हातानं लावायची. त्याला गुडघा लागत नाही. बोटं लागतात, नजर लागते. गिरिजाबाई अठ्ठावन्न वर्षांची होती, पण त्या प्लॉटवर तिच्याएवढी फुलं कुणाची होत नव्हती. हे प्लॉटवाला सांगायचा. पप्पू सांगायचा नाही.

पप्पूची रीत अशी की मागचा फाळका उघडायचा नाही. इंजिन चालू ठेवायचं. बायांनी टायरवर पाय देऊन, कठड्याला धरून चढायचं. पहिल्या सोळा कामाला, उरलेल्या घरी.

"फाळका खोल की रे," कुणी म्हणालं की तो म्हणायचा, "खोलल्यावर सारं गाव चढंल. चढती तीच कामाची."

त्या भादव्यात गिरिजाबाईचा डावा गुडघा धरला. पाय टायरवर पोचेना. पहिल्या दिवशी नंदाबाईनं वर ओढून घेतलं. नंदाबाई तिची जोडीदारीण. दुसऱ्या दिवशी खालून दोघींनी ढकललं. पप्पू आरशात बघत होता.

"म्हातारे, उद्यापसून क्रेन लावू का?"

गाडीतल्या बाया हसल्या. सगळ्यात मोठ्यानं हसली ती गिरिजाबाईची सून, बेबीनंदा.

घरी हातात मजुरी आणली तरच गिरिजाबाईला ताट वाढलं जायचं. गुडघा दुखतो म्हणून ती एक रविवार पडून राहिली, तर बेबीनंदानं दुपारी भाकरीची टोपली फळीवर उचलून ठेवली. एवढं एकदाच झालं. गिरिजाबाईला ते पुरलं. गाडी सुटता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग ती पायरी शोधायला लागली. चौकात दगड मांडून ठेवला. गाडी दहा फूट पुढं थांबली. तेलाचा रिकामा डबा नेला. पाय देताच चेमटला. लाकडी पाट नेला, त्यावरून चढलीही. खाली उरलेला पाट वर कोण घेणार? संध्याकाळी पाहिलं तर गेलेला.

मग ती माझ्याकडे आली. मी जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं काढली. आता घरी वेल्डिंगचं मशीन आहे.

"भाऊ, मला गाडीत चढायला कायतरी करून द्या. वर ओढून घेता येईल असं."

मी तिला ओट्याशी उभं केलं. डावा पाय किती उचलतो ते पट्टीनं मोजलं. दहा इंच. पप्पूच्या गाडीचा फाळका जमिनीपासून अठ्ठेचाळीस. म्हणजे चार दांड्या, वर अडकवायला दोन हुक. सोळाची सळई धरली. वजन सात किलो.

"हुकाला खटका लावावा लागंल," मी म्हणालो. "न्हाई तर पाय उचलला की पायरी उसळंल."

"त्याचं किती?"

"पायरीला तीन दिवसांची मजुरी. खटक्याला एका दिवसाची."

ती तीन दिवसांची मजुरी घेऊन आली होती. "खटका ऱ्हाऊ द्या. नंदाबाई धरंल."

खटक्याचं काम अर्ध्या तासाचं होतं. माझं मी दुपारच्या चहाआधी केलं असतं. पण मी फुकट काम करत नाही, आणि तिनं मागितलंही नाही. मी जोड घासून दिले आणि पायरी तिच्या डोक्यावर ठेवली.

पहिल्या दिवशी ती राणीसारखी चढली, असं नंदाबाई सांगते. नंदाबाईनं खालून धरली, मग स्वतः टायरवरून चढली आणि पायरी वर ओढून घेतली.

तिसऱ्या दिवशी टायरवरून कुणीच चढेना. साडी आवरत सगळ्या पायरीकडे. चौथ्या दिवशी धरायला कुणी थांबेना, कारण जी धरते ती मागं पडते. नंदाबाई पाय उचलून आत टाकताना हुक उसळले. ती कोपरावर आपटली.

पप्पू खाली उतरला. गाडीतून तो सहसा उतरत नसे.

"पायरी कोणाची?"

"माझी," गिरिजाबाई म्हणाली.

"मंग तू धरायची. बिलकुल दुसरीनं हात न्हाई लावायचा. लोकाची हाडं मोडायला आणली का?"

"मी धरली तर मला कोण धरंल, बाप्पा?"

"ते मला काय इचारती? आधी साऱ्या चढू दे, मंग तू."

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी पायरी धरली. एकेक बाई चढली. पप्पू आरशात मोजत होता. नंदाबाई नववी, तिनं मान खाली घातली होती. पंधरा झाल्या. गिरिजाबाईनं पायरी सोडून स्वतःचा पाय उचलला, तेवढ्यात बेबीनंदा पळत आली. ती दळणाच्या निमित्तानं मागं राहिली होती.

"आत्या, धरा ना बराबर. पडले तर पोरांना कोण बघंल?"

गिरिजाबाईनं धरली. बेबीनंदा वर गेली आणि तिनंच पायरी आत ओढून घेतली.

"सोळा झाल्या," पप्पू ओरडला. "जल्दी सरक बाजूला."

"आत्या, भाकरीला कोरड्यास करून ठेवा," बेबीनंदा वरून म्हणाली. गाडी निघाली.

सकाळी अकराला गिरिजाबाई माझ्या दारात. "भाऊ, खटका लावून द्या. पैसे हप्त्यानं देते."

"पायरी आणा."

पायरी गाडीत होती. संध्याकाळी ती पप्पूकडे मागायला गेली. तो म्हणाला, "घेऊन जा की. पण मंग तुझ्या सुनेला टायरवरून चढाया सांग." घरात मिळवणारी आता बेबीनंदाच होती. गिरिजाबाई तशीच परतली.

तरी ती रोज चारलाच उठायची. साडेपाचला चौकात जाऊन पायरी धरायची. एखादी आजारी पडली तर जागा मिळेल, या आशेनं. पण पायरी झाल्यापासून पोटुश्याही यायला लागल्या. एकदाही बाया सोळाच्या खाली गेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात पप्पूनं स्वतः पायरी माझ्याकडे आणली. खटका लावून घेतला. एका दिवसाची मजुरी रोख दिली आणि मी घेतली. आता पायरी हलत नाही, धरायला कुणी लागत नाही. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई चौकात गेली, तर बाया आपल्याआपण चढत होत्या. हाताला काम उरलं नाही, तशी तीही चढायला पायरीकडे गेली. पप्पूनं आरशात पाहिलं आणि दोन जागा रिकाम्या ठेवून गाडी चौदावरच सोडली.

तिच्या तीन दिवसांच्या मजुरीतून पप्पूच्या गाडीला पायरी झाली. चांगली झाली आहे. दहा वर्षं टिकेल.