हयातीचा दाखला

पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला हल्ली मोबाइलवरच निघतो. गोल चौकटीत चेहरा स्थिर धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची, एवढंच. ह्यांना पार्किन्सन आहे, हे त्या मोबाइलला कोण सांगणार?

त्यावरची गोळी चढली की ह्यांची मान डोलत राहते.

"हलू नका हो!" मी ओरडले.

"मी कुठे हलतोय? गोळी हलवतेय," हे म्हणाले.

मग गोळी उतरायची वाट पाहिली. ती उतरली आणि हे थिजले. चेहरा चौकटीत अगदी नीट बसला, पण आता पापणी हलेना. जिवंत माणसाने नेमकं किती हलावं, हे मोबाइलला पक्कं ठाऊक आहे. ह्यांच्या गोळीला ते अजून जमलेलं नाही.

"अहो, पापणी हलवा ना!" म्हणत शेवटी मी हात उगारला. खरंच उगारला, मारायला उगारतात तसा. पापणी लवली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. हे हयात आहेत.

मी हात खाली घेतला. हे मात्र न मिटणाऱ्या डोळ्यांनी त्या हाताकडेच बघत राहिले.