नेरकर सरांची सुई

नेरकर सर खडू विसरत, हजेरी विसरत, पण स्वेटर विणायची सुई कधी विसरले नाहीत. कोटाच्या वरच्या खिशातून ती डोकावत असायची. यवतमाळच्या कॉलेजात चौसष्ट-पासष्टच्या सुमारास ते आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत. शिकवत कसले, डोकं खात.

परदेशात म्हणे कार्डं चाळणारी यंत्रं संशोधकांची कामं करतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. झालं! त्यांनी घरचंच यंत्र बनवलं. एका वनस्पतीचं एक कार्ड, त्याच्या कडेने भोकं, प्रत्येक भोक म्हणजे एक लक्षण. ते लक्षण त्या वनस्पतीत असेल तर भोक कडेपर्यंत कापायचं. गठ्ठ्यात सुई घालून उचलली की कापलेली कार्डं खाली पडत. मग पडलेल्यांत पुढचं लक्षण. शेवटी उरेल त्या कार्डावर नाव. कल्पना वाईट नव्हती, तेवढं मान्य. पण कार्डं सगळी भरली खुर्चीत बसून, पुस्तकातून उतरवून. या माणसाने जंगल पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून, तेही डुलकी लागेपर्यंत.

"डोळा फितूर असतो, सुई इमानदार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा कळंबच्या विठ्ठलने घरच्या अंगणातली तुळस आणली. सुईने तंबाखूचं कार्ड पाडलं. सर शांतपणे म्हणाले, "घरची तुळस तपासून घे." विठ्ठल बाहेर येऊन म्हणतो, "म्हंजे माही माय रोज सकाळी तंबाखूले पाणी घालून राह्यली काय बे?" आम्ही पोट धरून हसलो.

माझ्यावर पाळी आली तेव्हा मात्र हसू आलं नाही. पांढरकवड्याला हायवेवर माझ्या अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यामागच्या नाल्यात मला एक वेल सापडली. समोरासमोर पानं, दुधाळ चीक, गर्द जांभळं फूल. शेवटच्या वर्षाचा अहवाल मी तिच्यावरच लिहिला. त्यावर सरांची सही झाली की मी नागपूरला एम.एस्सी.ला जाणार होते. अब्बा "जा बेटा" म्हणून मोकळे झाले होते.

सरांनी अहवाल उघडलाच नाही. सुई काढली. समोरासमोर पानं म्हटल्यावर ढीग पडला. चिकाला थोडी पडली. जांभळ्या फुलाला एकही नाही.

"अशी वनस्पतीच नाही," सर म्हणाले.

वेल माझ्या हातात होती! मी म्हटलं, "सर, एखादं कार्ड राहिलं असेल. नवं करू या."

"कार्डं पूर्ण आहेत. फूल पांढरं लिही, एक कार्ड पडतंय. लगेच सही करतो."

"पाना बसला नाही तर आमच्याकडे पाना बदलतात सर, नट फेकत नाहीत."

सर चिडले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची. "कायले वाद घालून राह्यली? तुले सुईपेक्षा जास्त समजते?"

पुढच्या रविवारी सर स्वतःच पांढरकवड्याला हजर! मला वाटलं, उपरती झाली. अब्बांनी चहा पाजला, मी धावतपळत त्यांना नाल्यावर नेलं. वेल छान फुलली होती. सरांनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. काठावर बसून गठ्ठ्यात सुई घातली, हलवली. काही पडलं नाही. मग पँट वर दुमडून खाली उतरले आणि ती वेल मुळासकट उपटली. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या उपटल्या, चुरगाळल्या, चिखलात तुडवल्या.

"आता कार्डं बरोबर आहेत," म्हणाले.

मला रडू फुटलं. सही झाली नाही, नागपूर राहिलं, आणि त्या नाल्यात ती वेल पुन्हा कधी उगवली नाही. गेलेल्या माणसाला वाईट म्हणू नये म्हणतात. का म्हणू नये? मला या माणसाची आजही किळस येते.

त्या रविवारी काठावर परत येताना सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने माखले होते. तो चीक लागला की अंगावर फोड येतात आणि भयंकर खाज सुटते, हे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. तोंडी कशाला सांगू? पुढे पंधरवडाभर सर भर वर्गात त्याच इमानदार सुईने हात खाजवत होते.