पोर्ट्समथचं जहाज आणि दाण्यांचा डबा

शिरीषला मर्चंट नेव्हीचं बोलावणं आलं, ते पत्र मी लपवलं. अडतीस वर्षांची घोडी, आणि अक्कल एवढीच की ते शेंगदाण्यांच्या डब्यात तळाशी खुपसलं. तारीख उलटली. पोरगा बँकेत चिकटला, पुढे इंग्लंडला गेला. तीस वर्षं मी गप्प.

यंदा लंडनजवळ पिनरला त्याच्याकडे गेले, तर म्हणतो, "आई, सॅटर्डेला पोर्ट्समथ. शिडाचं जुनं जहाज दाखवतो तुला." म्हटलं, आता सांगून टाकायचं. पुढच्या खेपेला गुडघे आणतील न आणतील. ट्रेनमध्ये त्याने तिखटमिठाच्या चार पुऱ्या खाल्ल्या. माझी डब्यातच राहिली.

बंदरात आधी डोलकाठ्या दिसल्या, मग डांबराचा वास आला. आत छत इतकं खाली की शिरीषचं डोकं तुळईला दोनदा आपटलं. शिडी मी पाठमोरी, एकेक पायरी चाचपत उतरले.

खाली पांढऱ्या दाढीचे एक गाइड एका अधिकाऱ्याची हकिकत सांगत होते. बाराव्या वर्षी जहाजावर चढला. मग मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी), सहा वर्षं समुद्र, तीन कप्तानांपुढे तोंडी परीक्षा, तेव्हा कुठे लेफ्टनंट. कप्तान झाल्यावर पुढची बढती वरचे मरतील तशी. युद्ध थांबलं की अर्ध्या पगारावर घरी.

"बाराव्या वर्षी आईने सोडला कसा?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"सोडला?" ते हसले. "ओळखीच्या कप्तानाला पत्रावर पत्रं लिहून तिनेच तर चिकटवला."

शिरीषही हसला. मी तुळईकडे बघत राहिले. एक आई पत्रं धाडत होती, दुसरी डब्यात कोंबत होती.

बाहेर बाकावर चिप्स खाताना सगळं सांगितलं. माझ्या हातातली चिप सीगलने (समुद्रपक्ष्याने) कधी पळवली, कळलंसुद्धा नाही. शिरीष पाण्याकडे बघत बसला.

परतीच्या ट्रेनमध्ये बसलो. मी पर्सची चेन लावत होते, उघडत होते. वोकिंग स्टेशन गेल्यावर त्याने डबा उघडून उरलेली पुरी काढली, अर्धी मला दिली आणि म्हणाला, "आई, घरात दाणे चोरून कोण खायचं? दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं मला. वाचलं, टरकलो, आणि होतं तिथेच ठेवलं. वरचे दाणे सारखे करून."